घरी बांधलेल्या मोटारगाडीचे इंजिन व त्यातील इलेक्ट्रॉनिक दोषांचा शोध

मोटारगाडी स्वतःच्या हातांनी बांधून पाहण्याची हौस महाराष्ट्रास नवीन नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' या नावाची छोटी मोटार स्वप्रयत्नाने तयार केली. तिचे पहिले रूप १९४० च्या दशकाच्या अखेरीचे असून पुढे १९७५ पर्यंत ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी जुन्या, टाकाऊ भागांतून बांधलेली व दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. तिला सुमारे साठ हजार रुपये खर्च आला होता. हैदराबादेत बहादूरपुरा भागात के. सुधाकर यांनी स्वतः बांधलेल्या वाहनांचे 'सुधा कार' संग्रहालय २०१० साली उघडले. संगणक, कॅमेरा, क्रिकेटची बॅट अशा आकारांची ही वाहने केवळ देखावे नव्हेत, ती चालतात. याच सुधाकर यांच्या प्रचंड तीनचाकी सायकलीची नोंद २००५ साली गिनीज बुकाने घेतली.

अशा हौशी वाहनांचा सांगाडा कितीही विलक्षण असला, तरी किक, कॉईल, प्लग आणि कार्ब्युरेटर एवढ्यावर चालणारे इंजिन बिघडले तर गावचा मिस्त्री ते तासाभरात मार्गी लावतो. अडचण उत्पन्न होते ती निराळ्या कारणाने. भंगारात आज जी इंजिने स्वस्तात मिळतात, त्यांपैकी बहुतेकांत कार्ब्युरेटर नाहीच. त्याऐवजी इंधन फवारणारे इंजेक्टर, अनेक सेन्सर आणि त्या सर्वांवर हुकमत चालविणारा एक छोटा संगणक असतो. मिस्त्री लोक त्यास ईसीएम म्हणतात. असे इंजिन दुसऱ्या सांगाड्यात बसविले म्हणजे ते चालेलच असे नाही, आणि न चालल्यास नेमके कोठे पाहावे हे कळत नसल्याने पैसा मात्र पाण्यासारखा जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक, तांत्रिक शाळांतील शिक्षक आणि खेड्यापाड्यांतील होतकरू कारागीर यांस उपयोगी पडावे म्हणून या दोषशोधनाची पद्धत येथे एका उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

काचीगुडा आणि सुट्या भागांचा बाजार

मराठवाड्यातील माणसास हैदराबाद म्हटले की काचीगुडा स्टेशन आठवते. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करीत येणारा निजामशाहीतील मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. काचीगुड्याची घुमट-मनोऱ्यांची देखणी इमारत १९१६ सालची. विद्यार्थी, व्यापारी, कोर्टकचेरीची माणसे अशा कित्येक पिढ्या या फलाटावर उतरल्या. जांबागेतील विवेक वर्धिनी ही १९०७ साली मराठी मंडळींनी काढलेली शिक्षणसंस्था तेथून फार दूर नाही. स्टेशनाबाहेर पडून सुलतान बाजाराच्या दिशेने गेले की कोठीची गुजराती गल्ली लागते. रेझिस्टर, कपॅसिटर, रिले, कनेक्टर, मीटर अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांनी ती भरलेली आहे. विद्युत् सामानासाठी ट्रूप बाजार आणि यंत्रांच्या भागांसाठी राणीगंज प्रसिद्ध आहे. यामुळे हौशी वाहनबांधणीस लागणारे साहित्य काचीगुड्याच्या आसपास राहणाऱ्यास हाताशी मिळते. कनेक्टराची एक पितळी पिन मिळविण्यासाठी आठ दिवस थांबावे लागणाऱ्या तालुक्याच्या कारागिरास याचे मोल अधिक कळेल.

येथील भंगारातील इंजिनांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी जगात नवी नाही. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ साली ती फोक्सवॅगन गाडीत आणली आणि १९७९ साली फवारणी व ठिणगी यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपविले. आपल्याकडे मात्र ती प्रदूषणाच्या नियमांमुळे पसरली. एप्रिल २०१० मध्ये 'भारत टप्पा ४' हे मानक ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाले, त्यांत मुंबई, पुणे व सोलापूर यांच्याबरोबर हैदराबादही होते. उर्वरित देशात ते संपूर्णपणे लागू होण्यास एप्रिल २०१७ उजाडले. त्याच टप्प्याबरोबर गाडीने आपला दोष आपणच नोंदवून ठेवण्याची सक्तीही आली. म्हणून २०१० नंतर हैदराबादेत नोंदल्या गेलेल्या गाडीचे इंजिन घेतले, तर त्याच्या ईसीएममध्ये दोषांची टाचणे मिळण्याची शक्यता बरीच असते. त्याआधीच्या, विशेषतः लहान गावांतून आलेल्या इंजिनाविषयी तसे सांगता येत नाही.

ईसीएमचे काम

पेट्रोल इंजिनास चालण्यासाठी हवा, त्या हवेच्या प्रमाणात इंधन आणि योग्य क्षणी ठिणगी एवढेच हवे असते. हे कोणत्या प्रमाणात व कोणत्या क्षणी द्यावयाचे, याचा निर्णय ईसीएम घेतो. क्रँकशाफ्ट कोठपर्यंत फिरला हे क्रँक सेन्सर सांगतो. इंजिनाने किती हवा घेतली हे मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर सांगतो. इंजिन थंड की गरम हे पाण्यातील तापमान-सेन्सर, आणि पायाने पेडल किती दाबले हे थ्रॉटल सेन्सर सांगतो. या बातम्यांवरून हिशेब करून ईसीएम इंजेक्टर काही सहस्रांश सेकंद उघडतो व कॉईलला ठिणगीचा हुकूम देतो.

यातील मर्म असे की, ईसीएमला प्रत्यक्ष काहीच दिसत नाही. त्याच्याकडे तारांतून व्होल्ट येतात व त्या व्होल्टांवर तो विश्वास ठेवतो. तारेने खोटे सांगितले तर उत्तम ईसीएमसुद्धा चुकीचा हुकूम देईल. घरी बांधलेल्या गाडीत दोष बहुधा याच ठिकाणी, म्हणजे तारा, जोड आणि अर्थ यांत आढळतो. ईसीएम स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. नवा ईसीएम घेण्याचा सल्ला सर्वांत आधी देणारा मनुष्य बहुधा मीटर वापरीत नाही.

कारखान्यातील गाडी व घरची गाडी यांत आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. कारखान्यातील गाडीचा संपूर्ण पत्रा हा बॅटरीच्या ऋण टोकाचा परतीचा मार्ग असतो. एखादा दिवा कोठेही पत्र्यास जोडला तरी त्याचे मंडल पुरे होते. हौशी गाडीचे अंग फायबरचे, लाकडाचे किंवा रंग चढविलेल्या लोखंडी नळ्यांचे असते. त्यात इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते आणि रबर वीज वाहून नेत नाही. अशा गाडीत परतीचा मार्ग कारागिरानेच विचारपूर्वक आखावा लागतो. धन बाजूच्या तारा सर्वजण काळजीने जोडतात, ऋण बाजू मात्र 'कोठेतरी बोल्टाखाली' जाते.

एक उदाहरण

विवेचनासाठी एक गाडी कल्पू. काचीगुड्याच्या एखाद्या गल्लीतील कारागिराने नळ्यांचा सांगाडा करून त्यावर मारुती ८०० चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे, इंधन-फवारणीचे इंजिन बसविले आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे तिची इंजिने भंगारात विपुल, सुटे भाग स्वस्त आणि माहितगार मिस्त्री पुष्कळ. हौशी कारागिराने या इंजिनाची निवड करावी हे शहाणपणाचेच आहे.

गाडी सकाळी पहिल्या सेल्फला लागते. दहा-पंधरा मिनिटे गोड चालते. मग एकाएकी इंजिन अडखळते आणि बंद पडते. लगेच सेल्फ मारला तर इंजिन लागते, पण क्षणात पुन्हा बंद होते. थोडा वेळ थांबल्यास जणू काही घडलेच नाही अशा रीतीने चालू होते. लोक म्हणतात, कॉईल गरम होऊन बसते. कॉईल बदलली. कोणी म्हणाले, पंप दमतो. पंप बदलला. शेवटी जुन्या बाजारातून दुसरा ईसीएम आणला. दोष जेथल्या तेथे. घरातील बचत संपली, आणि ज्या मुलाने शाळा सुटल्यावर वडिलांना पाने-पक्कड द्यावी, त्यालाही आता गाडीजवळ जावेसे वाटत नाही. या गोष्टीतील माणसे कल्पित आहेत, परंतु दोष नेहमीचा आहे आणि त्याचा शोध हातातील मल्टिमीटरने लागू शकतो.

प्रथम बॅटरी. पूर्ण भरलेल्या, विश्रांती घेतलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. सेल्फ फिरत असता ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नयेत व इंजिन चालू असता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावेत. हे तीन आकडे वहीत लिहून घ्यावेत. या गाडीत तिन्ही ठीक आहेत.

त्यानंतर बंद पडण्याच्या क्षणी काय नाहीसे होते ते पाहावे. ठिणगी की इंधन? ठिणगी तपासण्यासाठी प्लग काढून मोकळा लटकत ठेवण्याची जुनी रीत या इंजिनांत सोडून दिली पाहिजे. कॉईलचा दाब वीस-तीस हजार व्होल्टांच्या घरात असतो. तो पाहिजे तेथे न गेल्यास ईसीएमच्या आतील भाग जाळतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर त्याहून मोठा अनर्थ होतो. ठिणगी-परीक्षक स्वस्तात मिळतो, तो वापरावा व त्याची पकड इंजिनास घट्ट लावावी. इंजेक्टरांना हुकूम पोचतो की नाही, हे कनेक्टरात बसणाऱ्या छोट्या दिव्याने कळते. हुकूम असेल तर तो लुकलुकतो.

ठिणगी व इंजेक्टरचा हुकूम दोन्ही एकदम नाहीसे झाले, तर क्रँक सेन्सर किंवा ईसीएमचा विद्युत् पुरवठा संशयित ठरतो. ईसीएमला इंजिन फिरते आहे हेच कळत नसल्याने तो पंपही बंद करतो. ठिणगी आहे पण हुकूम नाही असे दिसल्यास इंजेक्टरांच्या मंडलाकडे वळावे. दोन्ही आहेत, तरीही इंजिन मरते, असे असेल तर इंधनाचे प्रमाण चुकत आहे. आपल्या उदाहरणात ठिणगी आहे, दिवाही लुकलुकतो, पण मंदपणे. इंधनाचा दाब मापकावर सुमारे तीन बार, म्हणजे योग्य आहे. याचा अर्थ, ईसीएम इंजेक्टर उघडतो खरा, परंतु फारच थोडा वेळ. तो असे का करतो? त्याला वाटते की इंजिनात हवाच नाही. ही बातमी देणारा कोण? मॅप सेन्सर.

आता मॅप सेन्सराकडे वळू. त्याला तीन तारा असतात : पाच व्होल्टांची, संदेशाची आणि सेन्सरच्या अर्थची. इंजिन बंद ठेवून चावी चालू केली असता त्याने बाहेरच्या हवेचा दाब सांगावा. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि तिच्यावरून पुष्कळ जण फसतात. पुस्तकांत हा आकडा १०१ किलोपास्कल दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा होय. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच असल्याने तेथे सुमारे ९५ दिसणे हेच योग्य. महाबळेश्वरी तो ८६ च्या आसपास येईल. मुंबईत ९५ दिसल्यास मात्र सेन्सर तपासावा. निष्क्रिय गतीला, म्हणजे पेडलवर पाय न ठेवता इंजिन हळू फिरत असता, मॅनिफोल्डमध्ये निर्वात अधिक असल्याने साधारण ३० ते ४० किलोपास्कल दाखविले जातात व संदेशाची तार सव्वा व्होल्टाच्या आसपास असते.

उदाहरणातील गाडीत चाचणी-यंत्र जोडून पाहिले असता प्रारंभी ३५ दिसतात. इंजिन तापते, रेडिएटरचा पंखा फिरू लागतो आणि त्याच क्षणी आकडा कोसळून शून्याजवळ जातो. इंजिन बंद पडते. पंखा फिरतच राहतो. तो थांबला की गाडी पुन्हा चालू होते.

दोष उष्णतेचा नव्हताच. उष्णतेने केवळ पंखा सुरू केला होता.

अर्थचा हिशेब

पंख्याचा आणि इंजिनाच्या संगणकाचा संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. या गाडीत सांगाड्याच्या एका बोल्टाखाली पंख्याची ऋण तार व ईसीएमची ऋण तार एकत्र कसल्या होत्या, आणि त्या बोल्टापासून बॅटरीकडे एक बारीक तार गेली होती. बोल्टाखाली रंगाचा थर आणि थोडा गंज. या जोडाचा व तारेचा मिळून रोध ०.१५ ओहम धरू. पंखा सुमारे १२ अँपिअर प्रवाह घेतो. ओहमच्या नियमाने १२ गुणिले ०.१५ म्हणजे १.८ व्होल्ट. पंखा फिरू लागताच ईसीएम ज्याला शून्य समजतो, ते ठिकाण खऱ्या शून्यापासून १.८ व्होल्ट वर उचलले जाते.

एवढ्याने ईसीएम बंद पडत नाही. बारापैकी दोन व्होल्ट कमी झाले तरी तो काम करतो. परंतु वायरिंग लांबवीत असता कारागिराने मॅप सेन्सरची अर्थची तार ईसीएमकडे परत न नेता जवळच्या इंजिनाच्या बोल्टास लावली होती. इंजिनास बॅटरीची जाड तार असल्याने त्याचा शून्य जागेवरच राहतो. सेन्सर एका शून्यापासून मोजतो आणि ईसीएम दुसऱ्या शून्यापासून. सेन्सरने प्रामाणिकपणे पाठविलेला संदेश ईसीएमला जवळजवळ शून्य भासतो. हवा नाही असे समजून तो इंधन आखडतो. दोन माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी खुंटी ठोकून एकाच शेताची मोजणी करावी, तसा हा प्रकार आहे.

ओहम-मीटरने हा दोष का सापडला नाही, हेही समजून घेतले पाहिजे. साध्या मीटरच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो. त्यात ०.१५ ओहम मिसळला तर कोणास कळणार? शिवाय ओहम-मीटर मंडलातून अत्यल्प प्रवाह सोडतो, खऱ्या भारापुढे जोड कसा वागतो हे त्यास दिसत नाही. म्हणून अर्थ तपासण्याची योग्य रीत 'व्होल्टपात' मोजण्याची होय. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे ईसीएमच्या ऋण पिनेवर ठेवावे. मग गाडीतील पंखा, दिवे, भोंगा, जे जे प्रवाह घेते ते सर्व चालू करावे. मीटरने ०.०५ व्होल्टाहून फारसे अधिक दाखवू नये. उदाहरणातील गाडीत पंखा बंद असता ०.०४ व चालू असता १.८ दिसतील. सेल्फ फिरत असता बॅटरीची ऋण खुंटी व इंजिनाचा धातू यांमधील पात ०.५ व्होल्टाच्या आत असावा, ०.२ च्या आत असल्यास उत्तम.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. एका जाड तारेचे सर्व धागे कापून केवळ एक धागा शिल्लक ठेवावा. दिवा न लावता टोकाशी मीटर लावले तर बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात व तार निर्दोष भासते. त्याच तारेवर गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा दिवा लावावा. तो सुमारे साडेचार अँपिअर मागतो. दिवा मिणमिणतो, धागा तापतो, कधी जळूनही जातो. यासाठी बॅटरीजवळ फ्यूज बसवून व हात दूर ठेवून हा प्रयोग करावा. भाराशिवाय केलेली मोजणी कशी फसविते, हे विद्यार्थ्यांना एकदा डोळ्यांनी दिसले की पुन्हा सांगावे लागत नाही.

या गाडीची दुरुस्ती स्वस्त आहे. सेन्सरांची अर्थची तार ईसीएमच्या त्यासाठीच असलेल्या पिनेवर परत न्यावी व अन्यत्र कोठेही धातूस लावू नये. ईसीएमच्या मुख्य ऋण तारा इंजिनाच्या एकाच स्वच्छ बोल्टावर आणाव्यात. इंजिनापासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत सेल्फच्या तारेइतकीच जाड तार न्यावी. पंखा व दिवे यांची ऋण तार स्वतंत्रपणे बॅटरीकडे जावी. प्रत्येक जोडाखालील रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. तार, लग आणि वॉशर एवढेच साहित्य लागते. कॉईल, पंप व ईसीएम यांवर गेलेला पैसा मात्र परत येत नाही.

इतर नेहमीचे दोष

क्रँक सेन्सर दोन प्रकारचे असतात. दोन तारांचा सेन्सर चुंबक व वेटोळे यांचा असून फिरत्या दातांमुळे त्यात प्रत्यावर्ती दाब उत्पन्न होतो. त्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर संदेश उलटा होऊन ठिणगीची वेळ चुकते, इंजिन उलट ठोके देते किंवा वेग वाढताच मिसिंग मारते. त्याचा संदेश दुर्बळ असल्याने तार जाळीदार आवरणाची असावी. जाळीचे ईसीएमकडील एकच टोक अर्थ करावे. दोन्ही टोके अर्थ केल्यास जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो. ही तार प्लगच्या तारांजवळून नेऊ नये आणि प्लग रेझिस्टर जातीचेच वापरावेत. तीन तारांचा सेन्सर हॉल-परिणामावर चालतो. त्यास पुरवठा लागतो आणि तो ओहम-मीटरने तपासता येत नाही.

तापमान-सेन्सर तपासणे सर्वांत सोपे आहे. खोलीच्या तापमानास त्याचा रोध साधारण दोन-अडीच हजार ओहम असतो. ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्यात तो दोन-तीनशेपर्यंत उतरतो. त्याचा कनेक्टर काढला असता चाचणी-यंत्राने उणे ४० अंशांच्या आसपास दाखवावे. कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्यास शंभराहून बराच मोठा आकडा यावा. दोन्ही उत्तरे बरोबर आली तर तारा व ईसीएम निर्दोष असून सेन्सर बदलावा, अन्यथा सेन्सरला दोष देऊ नये. ही तार तुटलेल्या गाडीत ईसीएम इंजिनास बर्फासारखे थंड समजून पेट्रोल ओततो. काळा धूर व भिजलेले प्लग ही त्याची खूण.

इंजेक्टरांचा रोध सामान्यतः बारा ते सोळा ओहम असतो. त्यांना धन पुरवठा सतत मिळतो व ईसीएम ऋण बाजू उघडझाप करतो. म्हणून ईसीएमच्या तारेवर भलताच बल्ब लावून पाहू नये, तो पेलण्याची शक्ती त्या मंडलात नसते. डिजिटल मीटर किंवा एलईडीचा परीक्षक वापरावा. रिलेवर कोरलेले आकडेही ओळखीचे करून घ्यावेत : ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० व ८७ ही जोडाची. जुन्या बाजारातील रिले आवाज करतो म्हणून चांगला असतो असे नव्हे, त्याचे जोड जळालेले असू शकतात. तेथेही व्होल्टपातच मोजावा.

सोळा पिनांच्या चाचणी-कनेक्टरात १६ क्रमांकावर बॅटरीचे धन व ४ आणि ५ क्रमांकांवर ऋण असते. ते नीट जोडलेले नसल्यास यंत्र मुके राहते आणि लोक ईसीएम मेला असे मानतात. यंत्रावर येणारा सांकेतिक क्रमांक हा निकाल नसून केवळ दिशा असते. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या मंडलात दोष, सेन्सरच वाईट असे नाही. उदाहरणातील गाडीने मॅप सेन्सरचा दाब फार कमी, म्हणजे पी ०१०७, अशी नोंद केली असती, आणि त्या आधारावर कोणीतरी तोही सेन्सर बदलला असता.

इंजिन खरेदी करतानाच एक दक्षता घ्यावी. पुष्कळ गाड्यांत चोरीविरोधी व्यवस्था असते. चावीतील चिप ओळखल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. अशा वेळी ईसीएम, चावी व चावीचे ग्रहणयंत्र एकाच गाडीतून, वायरिंग न कापता घ्यावे. वायरिंग कापून विकणारा दुकानदार पाचशे रुपये कमी घेतो आणि पाच आठवड्यांचे काम गळ्यात घालतो. मूळ गाडीच्या कागदपत्रांची प्रतही मागून घ्यावी.

इंधनाच्या नळीत तीन बार दाब असतो हे विसरू नये. नळी सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. साध्या रबरी नळ्या व घरगुती क्लिपा येथे चालत नाहीत. सांगाड्यावर वेल्डिंग करावयाचे असल्यास आधी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर दोन्ही काढून ठेवावेत. वेल्डिंगचा प्रवाह परतीसाठी कोणता मार्ग धरील याचा नेम नसतो.

चाचणी व नोंदणी

दुरुस्तीनंतर गाडी रस्त्यावर नेण्याची घाई करू नये. उघड्या अंगणात, आग विझविण्याचे साधन जवळ ठेवून इंजिन अर्धा तास चालवावे. पंखा किमान तीन वेळा सुरू व बंद होऊ द्यावा. त्या वेळी दिवे व भोंगाही लावून पाहावा आणि मॅप, तापमान व बॅटरीचे व्होल्ट दर पाच मिनिटांनी वहीत लिहावेत. पंखा सुरू होताच दाबाचा आकडा किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण जनित्रावर भार येऊन इंजिनाची गती थोडी बदलते. तो ३५ वरून ३८ झाला तर चिंता नाही, १० झाला तर पुन्हा बोल्टाकडे जावे.

घरी बांधलेले वाहन, इंजिन कितीही सुरळीत चालत असले, तरी नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ३९ नोंदणीसंबंधी असून नोंदलेल्या वाहनात फेरबदल करण्याविषयीच्या तरतुदी कलम ५२ मध्ये आहेत. नव्या नमुन्याच्या वाहनाची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्य संस्थेकडून करावी लागते. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. एकट्यादुकट्या कारागिरास ही चाचणी परवडण्याजोगी नाही, हे उघड आहे. देवराष्ट्र्याच्या गाडीच्या वेळीही उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची प्रशंसा करतानाच, नियमांत बसत नसल्याने स्थानिक अधिकारी ती केव्हातरी थांबवतील असे म्हटले होते. त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात देऊ केलेली बोलेरो जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास मिळाली. शाळा किंवा प्रशिक्षण संस्थेत बांधलेले वाहन संस्थेच्या आवारातच, निदेशकाच्या देखरेखीखाली चालवावे आणि आवाराबाहेर न्यावयाचे असल्यास ते ट्रकवर चढवून न्यावे. मूळ गाडीची नोंदणी अद्याप रद्द झालेली नसेल, तर तिचा सांगाडा भंगारात गेल्याची माहिती ती जेथे नोंदली आहे त्या प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळविणेही आवश्यक असते.